पाखाडीच्या तोंडाशी

आमच्या वाडीतलं एकही घर रस्त्याला लागून नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पुष्कळ वाड्यांची ठेवण अशीच आहे. वर सड्यावरून डांबरी रस्ता जातो आणि घरं खाली, समुद्राच्या बाजूच्या उतारावर, माडापोफळींच्या सावलीत. मधे पाखाडी. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची ही वाट पाहुण्यांना फार आवडते आणि ती आहेच सुंदर. पण आषाढात तिच्यावर शेवाळ धरलं की इथेच जन्मलेला माणूससुद्धा एक हात गडग्यावर ठेवून उतरतो.

टपालाला मात्र बरीच वर्षं ही वाट उतरावी लागली नव्हती. पाखाडीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं. वाडीची पत्रं तिथे ठेवली जायची आणि शाळेतून येणारी मुलं ती घरोघर पोचवायची. दुकानदारांचे मुलगे मुंबईला स्थिरावले, तेही त्यांच्याकडे गेले आणि फळ्या लागल्या. तेव्हापासून आमची डाक सेविका सगळं टपाल खाली आणू लागली. ती माझ्या मुलीच्या वयाची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा माझ्या वर्गात बसलेली, म्हणून अजून मला बाईच म्हणते. ग्रामीण डाक सेवकाचं काम खात्याच्या हिशेबाने चार-पाच तासांचं. त्यात हिच्याकडे तीन गावांचं वाटप. शाखा डाकघरात शिक्के मारायचे, बचत खात्यांची पुस्तकं भरायची आणि मग स्कूटर काढायची. एका लग्नपत्रिकेसाठी किंवा विम्याच्या हप्त्याच्या साध्या सूचनेसाठी तिने पाखाडी उतरून परत चढावी, हे मला बघवेना. गेल्या पावसाळ्यात ती खाली आली तेव्हा पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेली आणि पायांतल्या चपला हातात. त्याच दिवशी मी यांना म्हटलं, वर आपल्या गडग्याच्या आत एक खांब उभा करायचा, त्यावर पेटी बसवायची. साधं टपाल तिथेच संपलं पाहिजे.

यांनी लगेच बाजारात मिळणाऱ्या तयार पेट्यांचे फोटो फोनवर काढून दाखवले. पेटी काय, कशीही मिळेल. मला आधी उंची हवी होती, आणि ती पेटी वापरणाऱ्या हातालाच विचारायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन थांबले. ती आल्यावर म्हटलं, स्कूटरवरून उतरू नकोस, आहेस तशीच बस आणि पत्र टाकल्यासारखा हात पुढे कर.

ती हसली, पण तिने नीट विचार करून सांगितलं. "बाई, इथे उतार आहे, त्यामुळे उजव्या हाताने ब्रेक दाबून धरलेला असतो. मोकळा असतो तो डावा. पावसात रेनकोटची बाही बोटांपर्यंत येते, म्हणून वर हात करायला लागला तर पाणी थेट काखेत. खांद्याच्या खालीच ठेवा. आणि झाकण एका बोटाने उचलेल असं करा."

पोस्टातून येताना आमची बाजू तिच्या डाव्या हाताला पडते, हे आमचं नशीब. टेप लावून पाहिलं तर तिचा हात सहज जाईल अशी उंची साडेतीन फुटांच्या आसपास भरली. माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा घरापुढच्या रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या पेट्या मी पाहिल्या होत्या. तिला विचारलं, तर तिने तिथल्या टपाल खात्याचा नियमच पाठवला. रस्त्याच्या पृष्ठभागापासून पेटीच्या तोंडापर्यंत ४१ ते ४५ इंच आणि पेटी रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत. पोस्टमनला गाडीतून न उतरता हात घालता यावा म्हणून. म्हणजे तिथेही साडेतीन फुटांच्या जवळपासच. त्या नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार पटली. खांब लाकडाचा असेल तर चार इंची, लोखंडाचा असेल तर दोन इंची नळी, आणि जमिनीत २४ इंचांहून खोल पुरायचा नाही. गाडी येऊन आदळलीच तर खांबाने वाकावं किंवा पडावं, माणूस वाचावा. खांब जितका मजबूत तितका चांगला असं आपण सहज धरून चालतो. रस्त्याच्या कडेला ते खरं नसतं. आमच्या वळणावर रात्री मोटारसायकली भरधाव येतात. गवंड्याने आधी सुचवलेला चिऱ्यांचा भक्कम खांब मी या एका कारणासाठी सोडून दिला.

जागा ठरवायला मात्र वाडीच बसली. रस्त्याची कड आपली नाही, ती मोकळीच ठेवायची, हे ठरलेलंच होतं. गटारावर काही बांधायचं नाही, कारण सड्यावरचं सगळं पाणी जून-जुलैत त्या गटाराने धावतं आणि अडलं तर पाखाडीवरूनच खाली येतं. राहिली आमच्या गडग्याच्या टोकाची जागा. तिथे मी खुंटी ठोकली तर शेजारचे दादा म्हणाले, "वैनी, इथं पालखी वळते." खरंच होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सड्यावरून येते आणि पाखाडीच्या तोंडाशी वळण घेऊन उतरते. पुढचे आणि मागचे खांदेकरी वळतात तेव्हा पालखीचा दांडा केवढी जागा घेतो, हे वर्षातून एकदाच दिसतं आणि एरवी कोणाच्या लक्षात राहत नाही. दादांनी एक लांब बांबू आणला, दोघांनी तो खांद्यावर घेतला आणि वळून दाखवलं. खुंटी हातभर आत सरकली. तिथूनही डाक सेविकेचा हात पोचतो का, ते पुन्हा तिला बसवून पाहिलं. पोचत होता, पण जेमतेम. म्हणून पेटी खांबाच्या डोक्यावर मधोमध न बसवता रस्त्याच्या बाजूला थोडी पुढे काढायची ठरली. देवाची वाट आणि टपालाची वाट एकाच जागी आल्यावर दोघांनाही पुरेल अशी मोजणी करावी लागते. ती सगळ्यांच्या देखत झाली, याचं मला समाधान आहे.

काम काढलं ते शिमग्यानंतर. सुतारतात्या तेव्हा मोकळे असतात आणि विहिरीला सिमेंटवर मारण्याइतकं पाणीही असतं.

खड्ड्याचं काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. वरची वीतभर लाल माती गेली की खाली जांभा लागतो. उघड्यावर राहिलेला सड्याचा थर पहारीला ठिणग्या उडवतो. तो एकदा फुटला की आतला जांभा मऊ असतो, चिरेखाणीत तो कापता येतो तो त्यामुळेच, आणि हवा लागली की पुन्हा कडक होत जातो. दादांनी पहार धरली, मी घमेल्याने चुरा काढत गेले. खड्ड्याच्या कडा सरळ राहिल्या. मऊ मातीत खड्डा ढासळतो, रुंदावतो आणि मग काँक्रीट जास्त लागतं. जांभ्यात तसं होत नाही. दीड फुटावर दादा थांबले आणि म्हणाले, बास, आता हत्ती आला तरी हलायचं नाही. मला हत्तीला अडवायचं नव्हतं, त्यामुळे तिथेच थांबलो. तळाला चार बोटं खडी टाकली. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि खाली सोडतो. त्याची ती वाट सिमेंटने बंद करायची नाही एवढीच काळजी घ्यायची.

खऱ्या चर्चेचा विषय ठरला तो लाकडाचा. मागच्या वर्षी आम्ही जुनी पडवी उतरवली. तिचे फणसाचे खांब गोठ्यात रचून ठेवले होते. फणसाचा गाभा कापला तेव्हा पिवळा असतो, वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जातो, आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचं पांढुरकं लाकूड मात्र ती पोखरते. तात्यांनी एक खांब निवडला, वाकसाने बाहेरचा भाग उतरवला आणि आतून निघालेला रंग बघून आम्ही दोघं क्षणभर बोललोच नाही. इतकी वर्षं धुरात आणि दमट हवेत राहून लाकूड आतून कोरं होतं.

तात्यांचं मत ठाम होतं. बूड विस्तवावर जाळून काळं करायचं, काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं आणि खांब थेट जमिनीत रोवायचा. त्यांच्या वडिलांनी मांडवाच्या आणि गोठ्याच्या मेढी अशाच रोवल्या. ही रीत चुकीची नाही. जळालेल्या थरात किडीला खायला काही उरत नाही, आणि काजूच्या टरफलांचं तेल इतकं जहाल असतं की हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. होड्यांच्या लाकडालाही ते लावतात. पण खांब कुजतो कुठे, हे पुरलेली मेढ उपटून पाहिलं की कळतं. अगदी तळाला ती बरीच शाबूत असते. कुजते ती जमिनीच्या पातळीवर. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणीही लागतं आणि हवाही. खोलवर हवा नाही, वर पाणी टिकत नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीलगतच्या चार-सहा बोटांत. जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे ती चार-सहा बोटं चार महिने ओली असतात.

म्हणून मी म्हटलं, तात्या, लाकूड जमिनीला लावायचंच नाही. काँक्रीटमध्ये दोन लोखंडी पट्ट्या उभ्या करू, जस्ताचा मुलामा दिलेल्या, आणि त्यांच्या मधे खांब पकडून आरपार बोल्ट मारू. खांबाचं बूड जमिनीपासून दोन बोटं वर राहील. पाऊस थांबला की खालून वारा लागेल आणि वाळेल. शिवाय कधी मोटारसायकल आदळली तर पट्ट्या वाकतील, नवा बोल्ट घातला की काम झालं.

तात्या बराच वेळ खांबाकडे पाहत राहिले. अधांतरी खांब त्यांच्या डोळ्यांना पटत नव्हता. शेवटी म्हणाले, "ठेवा वर. पण बुडाला तेल मी पाजणार." आणि त्यांनी ते पाजलं, एकदा लावून पुसलं असं नव्हे, तर लाकूड घेत होतं तोवर. लाकडाचं आडवं कापलेलं टोक पाणी कसं पितं हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. नळ्यांची जुडी उभी धरावी तशा त्याच्या शिरा असतात. वरचं टोकही त्यांनी सपाट न ठेवता तिरकं कापलं, पाणी मागे निथळावं म्हणून, आणि त्यावर पत्र्याची टोपी बसवली. टोपीच्या कडा खांबाच्या बाहेर बोटभर काढून खाली दुमडल्या. हे मी सुचवलेलं नव्हतं. आता खांबाकडे पाहताना माझा डोळा आधी त्या दुमडीवर जातो.

पट्ट्या ओळंब्यात धरून काँक्रीट ओतलं. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. वरचा माथा चारी बाजूंना उतरता केला. आठवडाभर त्यावर ओली पोती ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची क्रिया होऊन ते घट्ट होतं; चैत्रातल्या उन्हात ते पाणी उडून गेलं तर वरून टणक दिसतं आणि आत भुसभुशीत राहतं. सासूबाई रोज विचारायच्या, खांबाला पाणी घातलंत का? तुळशीला घातलंत का विचारतात, त्याच सुरात.

पेटी तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली, कारण तयार पेट्यांची तोंडं लहान. आमच्याकडे दिवाळी अंक टपालाने येतात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत टपालाने येणाऱ्या गोष्टींत हा एक जाडजूड आनंद आहे, आणि तो दुमडून कोंबलेला मला चालत नाही. ए-फोर कागद न दुमडता मावेल असं पाकीट नऊ इंच रुंद असतं. म्हणून तोंड दहा इंच लांब आणि दीड इंच उंच. त्यावर झडप, झडपेवर चार बोटं पुढे आलेला छज्जा. तोंड रस्त्याकडे म्हणजे पूर्वेला. आमचा पाऊस समुद्रावरून नैर्ऋत्येकडून झडीने येतो, तो पेटीच्या पाठीवर बसतो. तळाला बारीक भोकं आणि त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी, म्हणजे आत चार थेंब गेलेच तरी पत्र ओल्या पत्र्याला चिकटणार नाही. भोकांना आतून तारेची जाळी लावली, नाहीतर कुंभारीण माशी महिन्याभरात मातीचं घर बांधून ती बुजवते. रंग मुद्दाम पिवळा. लाल दिला असता तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपलं पत्र विश्वासाने त्यात टाकलं असतं.

राहिली नावाची पाटी. माझ्या दृष्टीने ती खांबापेक्षाही महत्त्वाची.

आमच्या वाडीत बहुतेकांचं आडनाव एक. नावंही पुन्हा पुन्हा तीच, आजोबांचं नातवाला. एकाच नावाचे दोन इसम वाडीत आजही आहेत आणि पत्रावर 'वरचं घर', 'खालचं घर' असं लिहिलेलं असतं. आधीच्या पोस्टमनना हे सगळं तोंडपाठ होतं. अक्षर पाहून ते सांगायचे की हे पत्र कोणत्या घरचं. ते निवृत्त झाले आणि तो सगळा नकाशा त्यांच्याबरोबर गेला. आताची आमची विद्यार्थिनी गावातलीच, तिला माहीत आहे. पण ती रजेवर गेली, तिची बदली झाली, तर येणाऱ्या नव्या माणसाला काय कळणार?

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तो याच अडचणीतून. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते. टपाल खात्यात वरिष्ठ पदावर असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकड्यांत त्याचं उत्तर बसवलं. मोठे संस्कृत पंडित होते ते. पहिला आकडा विभागाचा. चारमध्ये महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड येतात. पहिले तीन आकडे छाननीच्या जिल्ह्याचे. घाटावरचा सातारा आणि खालची रत्नागिरी दोघांचेही ४१५. शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. तिथे पिनकोडचं काम संपतं. पोस्टापासून दारापर्यंतचा पत्ता माणसाच्या डोक्यात असतो किंवा दाराशी लिहिलेला असावा लागतो. २०२५ साली खात्याने डिजिपिन आणला. सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनाला एक दहा अक्षरी खूण. मुलाने तो काढून दिला तेव्हा लक्षात आलं की घराचा डिजिपिन वेगळा आणि खांबाचा वेगळा. मी दोन्ही लिहून ठेवले, पाटीवर खांबाचा दिला.

पाटीवर घर क्रमांक, वाडी, गाव, पिनकोड आणि खाली नावं. घरात ज्यांच्या ज्यांच्या नावाने टपाल येतं त्या सगळ्यांची. सासूबाईंचं कुटुंबनिवृत्तिवेतनाचं पत्र त्यांच्या नावाने येतं, म्हणून त्यांचं पूर्ण नाव सगळ्यांत वर. मुलगी सासरी गेली तरी तिच्या बँकेची पत्रं अजून इथेच येतात. तिचं नाव माहेरच्या आडनावासह. माझ्या नावापुढे शाळेतल्या कागदपत्रांवर असलेलं माहेरचं नावही लिहिलं, कारण जुनी विमा पॉलिसी त्याच नावाने आहे. रंगाऱ्याने विचारलं, एवढी नावं कशाला, एक आडनाव पुरे. मी त्याला समजावून सांगितलं, आणि त्याने मग सासूबाईंचं नाव इतरांपेक्षा थोडं ठळक काढलं.

एक गोष्ट खांबाने सुटत नव्हती. स्पीड पोस्ट हातात द्यावं लागतं, सही घ्यावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, पण हाती देण्याची अट राहिली, आणि ती राहायलाच हवी. कोर्टाची नोटीस किंवा एटीएम कार्ड पेटीत पडून राहता कामा नये. मग तेवढ्यासाठी तिने पाखाडी उतरायची का? दादांच्या गोठ्यात बैलाच्या गळ्यातली जुनी पितळी घाट होती. ती खांबाला पेटीखाली अडकवली. पूर्वी डाकेचा हरकारा घुंगरांची काठी वाजवत रानातून धावायचा, जनावरं दूर राहावीत आणि पुढच्या माणसाने तयार राहावं म्हणून. आमची घाट वाजली की घरातलं कोणीतरी वर जातं. सासूबाईंच्या नावाचं काही असेल तर ती खाली येते, पाखाडी कोरडी असली तर स्वतःच्या हौसेने, कारण त्यांच्या हातची सोलकढी तिला आवडते.

पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन वर गेले. पेटीत मुद्दाम वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवला होता. मागच्या भिंतीलगतची कड किंचित दमट, बाकी कोरडा. पेटी आणि खांब यांच्या सांध्यातून पाणी येत होतं. तात्यांनी तिथे रबराचा तुकडा घालून बोल्ट पुन्हा आवळले. मोटारसायकल अजून कोणाची आदळलेली नाही.

आता वाडीतल्या आणखी पाच घरांना पेटी हवी आहे. प्रत्येकाने वेगळा खांब रोवला तर पालखीला वळायला जागा उरणार नाही, हे दादांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्यामुळे बंद दुकानाच्या ओट्यावर सगळ्यांसाठी एकच लांब आडवी फळी आणि तिच्यावर ओळीने पेट्या, असा विचार चालू आहे. दुकानदारांनी मुंबईहून फोनवर होकार दिला. उंची साडेतीन फूट नक्की झाली आहे, नावांची यादी मी करते आहे. वाद फक्त एका मुद्द्यावर अडला आहे, त्या दोन समान नावांच्या घरांच्या पेट्या शेजारी शेजारी ठेवायच्या की दोन टोकांना. डाक सेविका म्हणते, दोन टोकांना. रविवारी तात्या माप घ्यायला येणार आहेत.